हिरव्या डॉल्फिनची पाटी

घरात त्या नंबरला नाव पडलं होतं, 'माशाचा फोन'. निकिताच्या मोबाईलमध्ये दोन सिम होती. एकावर नवरा, माहेर, दवाखाना आणि अंगणवाडीच्या बाई. दुसऱ्यावर समुद्र.

परंड्याहून कुर्डुवाडीला जाणाऱ्या रस्त्यावरनं आत वळलं की शेतातली वस्ती. उन्हाळ्यात चहूकडं भेगाळलेली काळी रानं, बांधावर चार बाभळी, आणि दुपारी पत्रा तडतडायला लागला की त्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नाही. अशा ठिकाणी समुद्राचा फोन यावा याचं सासूबाईंना, सिताबाईंना, आधी नवल वाटलं, मग हसू आलं आणि मग राग यायला लागला.

निकिता तेर गावची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि लग्नाआधी दोन वर्षं कोकणात एका संस्थेत होती. जाळ्यात अडकलेले, वाट चुकून किनाऱ्याला लागलेले डॉल्फिन, देवमासे वाचवायचं काम. संस्थेला तेव्हा धड ऑफिससुद्धा नव्हतं. बंदराबंदरावर पाट्या लावायच्या ठरल्या, 'डॉल्फिन किंवा देवमासा किनाऱ्यावर दिसल्यास फोन करा', आणि खाली कुणाचा तरी नंबर हवा म्हणून निकितानं आपलाच घातला. पाट्याही तिनंच रंगवल्या. मग लग्न झालं, ती इकडं आली, आरोही झाली. पाट्या तिकडंच उभ्या राहिल्या.

फोन क्वचित यायचे, आणि आले तरी बहुतेक पर्यटकांचे.

"हॅलो, डॉल्फिन राईड ना? माणशी किती घेता?"

"नाही हो. डॉल्फिन अडचणीत सापडला तर कळवायचा नंबर आहे हा."

"असं होय. पण दिसतील का नक्की? मागल्या वेळी शेपूटसुद्धा दिसलं नाही."

सिताबाई शेळ्यांना पाला टाकता टाकता म्हणायच्या, "आपल्या हिरीत बेडूक ऱ्हायला न्हाय, आन लोकं हिला मासं इचारायलेत."

कधीमधी खरा फोन यायचा. मग निकिता कुमारला कळवायची. कुमार तिथला, खाडीकाठचा, संस्थेचं बाहेरचं सगळं काम बघणारा. तो जायचा, काय झालं ते सांगायचा आणि निकिता त्या दिवशी भाकरी थापताना जराशी हलकी असायची. सबंध दिवसात तिच्याशी मोठ्या माणसासारखं बोलणारं कोण होतं? नवरा युवराज कृषी सहायक, सकाळी जिल्ह्यातल्याच वाशी तालुक्याला निघायचा तो दिवेलागणीला परत. सासू-सासरे रानात. राहिली आठ महिन्यांची आरोही. तिच्याशी निकिता बोलायची, पण त्याहून जास्त तिच्याकडं बघत बसायची. छाती हलतीये का. ओठ कोरडे नाहीत ना. जावळाखाली टाळू उडतीये का. रात्री झोपेतसुद्धा तिचा एक कान पाळण्याला लागलेला असायचा. डॉल्फिन अर्ध्या मेंदूनंच झोपतो, हे तिनं पूर्वी वर्गात पाठ केलं होतं. त्याला प्रत्येक श्वास आठवणीनं घ्यावा लागतो, सगळाच झोपला तर श्वास घ्यायचा राहील. तेव्हा ते फक्त परीक्षेपुरतं होतं.

टाळूवरनं सासू-सुनेत रोज ठिणगी पडायची. सिताबाई आंघोळीआधी तेलाची वाटी घेऊन बसायच्या आणि टाळूवर बदाबदा तेल ओतून थापायच्या.

"आत्या, डॉक्टर नको म्हणालेत एवढं ओतायला. नुसतं बोटानं लावा."

"डॉक्टरच्या आयनं बी त्याची टाळू भरलीच आसंल. त्याबिगर का डॉक्टर झाला?"

मागच्या आठवड्यात संस्थेतल्या शिवशंकरचा फोन आला होता. आता ऑफिस झालं होतं, माणसं होती, चोवीस तास उचलला जाणारा नवा नंबर होता. "पाट्या नव्यानं रंगवतोय, निकिताताई. तुमचा नंबर काढून टाकतो. सुटलात बघा तुम्ही."

"बरं झालं," निकिता म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिला वाटलं, घरातली एक खिडकी कुणीतरी बाहेरनं विटा लावून बुजवतंय. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. युवराजला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, अगं, मग नवीन कुठलं तरी कार्ड घे की, नेटपॅक स्वस्त पडतो.

त्या दिवशी आरोहीला पहाटेपासून जुलाब लागले होते. युवराजनं कामावर जायच्या आधी परंड्याच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, ओआरएसचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत राहा. पोर सुस्त झाली किंवा टाळू आत ओढल्यासारखी दिसली तर लगेच आणा. शेवटचं वाक्य निकिताच्या डोक्यात रुतून बसलं. दुपारी ती पोरीला मांडीवर घेऊन, चमचा चमचा पाजत, दर चमच्याला टाळूकडं बघत बसली होती. टाळू खाली गेल्यासारखी वाटायची. पुन्हा बघितलं की नाही वाटायची.

आणि माशाचा फोन वाजला.

राईडवाला असणार, असं म्हणून तिनं तो वाजू दिला. तो थांबला आणि लगेच पुन्हा वाजला. पर्यटक दोनदा करत नाहीत.

"हालो? पाटीवरला नंबर ह्योच न्हवं?" बाईचा आवाज, वाऱ्यात फाटणारा. "आवो, हितं चिखलात एक जनावर पडलंय. मासा म्हणावं तर श्वास घेतंय. म्हशीच्या पारड्याएवढं हाय. डोळा उघडा हाय, माझ्याकडंच बघायलंय."

निकिता चक्रावली. समुद्राच्या नंबरवर कुणीतरी तिच्याच मुलखातली बोली बोलत होतं.

"कोण बोलताय तुम्ही? कुठनं?"

"म्या सारजाबाई. वाशीची."

"वाशी? आपली वाशी?"

"व्हय. वाशीकडचं पारगाव. हितं कामाला आलाव. दर्याला दगडाचा बांध घालायलेत, गुत्तेदारानं आणलंय."

"गावाचं नाव काय तिथल्या?"

"काय की. ट्रकमधनं उतरवलं तवा आंधार हुता. दोन म्हैनं झालं. हितलं बोलणं मला उमगंना, माझं त्येंला उमगंना. बापय समदी खडी भराया गेलीत, आमी दोघीच हाव."

"पाटीवर काय लिहिलंय?"

"आकडं तेवढं कळत्यात मला. अक्षरं न्हाय येत. पार्वतम्माला येत्यात, पर कानडीतली. उमरग्याच्या पल्याडची हाय ती."

मागनं दुसरा आवाज आला, "काय म्हणती री ती बाई? मासा न्यायला येती का?"

निकितानं डोळे मिटले. आठवायचं होतं. कितीतरी पाट्या, सगळ्यांवर तिच्या हातचा डॉल्फिन. "सारजाबाई, पाटीवर चित्र असंल बघा. कसल्या रंगाचं हाय?" बोलता बोलता तिची भाषाही तेरला जाऊन पोचली.

"हिरवंगार. पोपटावाणी."

निकिताला एकदम तो दिवस आठवला. खाडीच्या तोंडावरची, गावापासून लांबची जेटी. निळा रंग संपलेला, बाजार दूर. कुणाच्या तरी होडीचा उरलेला हिरवा रंग घेऊन तिनं शेवटचा डॉल्फिन काढला होता आणि कुमार पोट धरून हसला होता, ताई, ह्याला पेरू घालू का? सबंध किनाऱ्यावर हिरवा डॉल्फिन एकच होता.

"कळलं मला कुठं हाय ते. आता नीट ऐका. त्याला शेपटीला धरून ओढायचं न्हाय. तोंडात पाणी घालायचं न्हाय."

पलीकडं हंडा खणकला.

"घातलं की," सारजाबाई म्हणाली. "प्यायच्या हंड्यातलं. उनात पडलेल्या जनावराला आदी पाणीच दावणार न्हवं? पर तोंड उघडंना."

"हंडा रिकामा केली री!" मागनं पार्वतम्मा. "आता आपुन काय पिणार, खारं?"

"बरं, तोंड उघडलं न्हाय ना? मग ठीक हाय."

"तोंड उघडंना, म्हणून मग..." सारजाबाई थांबली. "मग टाळू भरली."

"काय भरली?"

"टाळू वो. डोस्क्यावर मधोमध हाय की त्येच्या. उघडती, झाकती. लेकराची उडती तशीच. म्हणलं ऊन टाळूला लागलंय ह्येच्या, गार केल्याबिगर ह्ये उठायचं न्हाय. बाटलीत खोबऱ्याचं तेल हुतं, ते वतलं."

निकिताच्या हातातला चमचा तसाच राहिला. मांडीवर आरोहीची टाळू उडत होती, आणि तिकडं, एवढ्या लांब, कुणीतरी डॉल्फिनच्या श्वासाच्या भोकात तेल ओतलं होतं. मायेनं.

"सारजाबाई," ती म्हणाली, "ती टाळू न्हाय. ते नाक हाय त्याचं."

"नाक?"

"त्याचं नाक डोक्यावर असतंय. पाण्यातनं वर येऊन तिथनंच श्वास घेतंय ते."

"आगं आई गं," सारजाबाईचा आवाज बसला. "नाकात तेल वतलं व्हय म्या लेकराच्या? मारलं की वो मी त्येला."

तेवढ्यात फोनमध्ये मोठा आवाज झाला, सायकलच्या ट्यूबमधनं हवा सुटल्यासारखा. मग किंकाळी. मग पार्वतम्माचं खदाखदा हसणं.

"काय झालं? सारजाबाई!"

"शिंकलं की माझ्या तोंडावर! समदं तेल माझ्याच तोंडाला फासलं त्येनं!"

निकिताला हसावं का रडावं कळेना. "शिंकू द्या. जेवढं बाहेर टाकंल तेवढं चांगलं. ताकद हाय म्हणून शिंकतंय. आता त्या नाकाला काही लावायचं न्हाय, पाणीसुद्धा न्हाय. बाकी सगळं अंग ओलं ठेवायचं. कापड हाय का?"

"लुगडं हाय धुतलेलं."

"ते भिजवून पाठीवर घाला, नाक मोकळं सोडून. पोटावर सरळ ठेवा, कुशीवर कलू देऊ नका. दोन बाजूला हातासारखे दोन पर असत्याल, त्यांच्याखालचा चिखल हातानं काढा, न्हायतर अंगाच्या भारानं ते चेमटत्यात. वर सावली करा. आणि समुद्राचं पाणी घालत राहा. पाणी कमी पडू देऊ नका."

"पाणी हितं लईच हाय वो," सारजाबाई म्हणाली. "उभ्या जल्मात एवढं पाणी बघितलं न्हवतं. पर म्या अजून पाय बुडवला न्हाय त्यात. लाट पाय वढती म्हणत्यात."

"किती लांब गेलंय पाणी आता?"

"लई लांब. चिखलच चिखल हाय. डबडं घेऊन आणावं लागंल."

"आणा मग. सांजच्याला पाणी आपणच तुमच्यापर्यंत येतंय. तोवर त्याला जगवायचं."

फोन ठेवून तिनं कुमारला लावला. तो आधी बुचकळ्यात पडला. "पाटीवरून फोन? शिवशंकर तर म्हणाला सगळ्या रंगवून झाल्या."

"हिरवी राहिली असेल."

"अरे हो. तिकडचा रस्ता खणलाय बंधाऱ्यासाठी, रंगारी गेलाच नाही." तो खाडीच्या दुसऱ्या काठाला होता. वनखात्याला कळवून, डॉक्टरांना घेऊन, फेरीबोट गाठून पलीकडं जायचं म्हणजे भरती लागायच्या वेळेलाच पोचणार. "तोवर त्या बायका तग धरतील का, ताई?"

"धरतील," निकिता म्हणाली. कशाच्या जोरावर म्हणाली, तिला माहीत नव्हतं.

मग दुपार अशी सरत गेली. एक चमचा आरोहीला, मग फोन. श्वास कसा चाललाय? मध्ये किती वेळ थांबतंय? सारजाबाई डॉल्फिनजवळ उकिडवी बसून प्रत्येक श्वासाला "घेतला" म्हणायची आणि निकिता इकडं मांडीवरच्या पोटाकडं बघत "बरं" म्हणायची. दोन श्वासांच्या मधल्या वेळात सारजाबाई बोलायची. लेक दिली बार्शीकडं. मुकादम वंगाळ न्हाय, पर हसत न्हाय कधी. हितं रात्री दर्या असा घुमतो की झोप लागत न्हाय. गावाकडं रात्री कसं गपगार असतं. निकितानं तिला सांगितलं नाही की त्या गपगारपणातच आपल्याला झोप लागत नाही.

"तुमी कुठं बसलाव? हापिसात?" सारजाबाईनं मध्येच विचारलं.

"परंड्याजवळ. वस्तीवर."

"आँ? आन मासं राखताव?" ती मनापासून हसली. "तुमी दर्याच्या हापिसात आसाल म्हणलं. तुमी हितं पायजे हुता आन म्या तितं."

निकितानं चमचा पुन्हा भरला. हे तिनं स्वतःला कितीदा सांगितलं होतं, आणि प्रत्येकदा आरोहीकडं बघून तोंडातल्या तोंडात परत घेतलं होतं.

शेळ्या घेऊन सिताबाई आल्या तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि निकिता ओरडत होती, "पाठ सुकू देऊ नका! पाणी घाला!"

सिताबाई उंबऱ्यातच थांबल्या. "लेकरू आजारी, आन हिचं माशाला पाणी पाजणं चाललंय. काय म्हणावं बाई तुला? ठिव तो फोन. आण पोरीला इकडं." त्यांनी आरोहीला उचललं, कपाळाला हात लावला. "डोळं वढल्यात पोरीचं."

निकिता झटकन पुढं सरकली. "टाळू बघा, आत्या. आत गेली का?"

सिताबाईंनी तळवा टाळूवर ठेवला. आयुष्यभर शेळ्यांची, लेकरांची डोकी चाचपलेला हात होता तो, पण निकिताला त्याच्यावरही भरवसा ठेवता येईना. तिनं स्वतः पुन्हा बोट लावलं.

"हाय तशीच हाय," सिताबाई म्हणाल्या. "मुतली का मगाशी?"

"मुतली."

"मग गप बस."

फोनमधनं सारजाबाईचा आवाज आला, "ताई, कुणाचं लेकरू आजारी हाय? तुमचं व्हय? आन म्या मेली मगापासनं माशाचं रडं लावलंय. ठिवा तुमी, ठिवा."

सिताबाईंनी मान वळवली. "ही कोण गं? ही तर आपल्याकडची दिसती. कोण गं बाई तू? कुणाची?"

"म्या सारजाबाई. पारगावची."

"पारगावात कुणाच्यातली? म्हाय्यार कुठलं तुझं?"

"आत्या, तिथं डॉल्फिन मरायला टेकलाय, आणि तुम्ही माहेर काय विचारताय!"

"तू गप गं. मरायला टेकलं म्हणून का वळख करू नये माणसानं?" सिताबाई फोनजवळ सरकल्या. सारजाबाईचं माहेर सरमकुंडीचं निघालं आणि सिताबाईंची मावशी त्याच गावात दिलेली निघाली. माशाच्या फोनला त्या घरात पहिल्यांदाच नातं लागलं. "आन तितं काय केलंस त्या माशाला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"टाळू भरली वो मावशी. आन ते नाक निघालं."

सिताबाईंनी सुनेकडं बघितलं. सुनेनं दुसरीकडं. "मग," सिताबाई म्हणाल्या, "तिला बिचारीला काय ठावं? टाळूच्या जागी नाक कुण्या देवानं ठिवलंय?" आणि आरोहीला मांडीवर घेऊन त्यांनी चमचा स्वतः उचलला. "तू बोल तिच्याशी. म्या पाजते."

ऊन कलल्यावर सारजाबाई एकदम म्हणाली, "ताई, पाणी यायलंय. गुपचूप यायलंय वो, इंचाइंचानं."

कुमारचा पत्ता नव्हता. फेरीबोट चुकली होती आणि तो लांबच्या वळशानं येत होता.

आता खरं अवघड होतं. इतका वेळ आडवं पडलेल्या डॉल्फिनचं अंग आखडतं. पाणी आलं म्हणून तो लगेच पोहत नाही, कुशीवर कलतो, आणि नाक पाण्याखाली गेलं की बुडतो. समुद्रातलं जनावर समुद्रातच बुडून मरतं. कुणीतरी पाण्यात उतरून त्याला सरळ धरून ठेवायला हवं होतं.

निकिताला हे सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं. दोन महिने पाण्याकाठी राहून पाय न बुडवलेल्या बाईला ती इथं कोरड्या घरात बसून, दर्यात उतर म्हणणार होती. लाट आली तर? चिखलात पाय रुतला तर? त्या बाईचीही बार्शीकडं एक लेक होती.

"सारजाबाई," ती म्हणाली, "ऐका. ते कलायला लागलं तर नाक पाण्यात जाईल त्याचं. पण तुम्ही पाण्यात जायचं न्हाय. तुमच्या जिवापेक्षा ते मोठं न्हाय. कुमार येईल."

"मग कलायलंय की ते," सारजाबाई म्हणाली.

नंतर नुसता वारा. मग पार्वतम्माचा आवाज, "फोन माझ्याकडं दिली री. उतरली ती. लुगडं खोचून उतरली."

"किती पाण्यात हाय? कमरेच्या वर जाऊ देऊ नका तिला!"

"गुडघा. न्हाय, मांडी. देवाचं नाव घ्यायली मोठमोठ्यानं."

"तिला सांगा, पोटाखालनं हात घालायचा. तोंड दर्याकडं. हळूहळू डोलवायचं दोन्हीकडं, पाळण्यातल्या लेकरासारखं. शेपटीजवळ उभं राहायचं न्हाय."

पार्वतम्मानं ते सगळं कानडी-मराठीत ओरडून सांगितलं. इकडं सिताबाईंचा चमचा थांबला होता. दोघी फोनकडं बघत होत्या, जणू तो काळा तुकडा हलला की कळणार होतं.

"कंबर," पार्वतम्मा म्हणाली. "माग यं गं! माग यं म्हणते! ...कुणीतरी आले री गाडीतनं. पळायलेत इकडंच."

आणि फोन तुटला.

निकितानं लावला. बंद. पुन्हा लावला. बॅटरी संपली असणार, हे कळत होतं. तरी ती लावत राहिली. आरोही झोपली. सिताबाईंनी दिवा लावला, हात जोडले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ जोडलेले ठेवले. बाहेर युवराजची गाडी वाजली.

तो आत येतो तोच कुमारचा फोन आला. मागं लाटांचा आवाज होता. खरा, ओला आवाज. निकितानं तो कितीतरी दिवसांनी ऐकला.

"गेली, ताई. मादी होती. आम्ही पोचलो तेव्हा ती बाई कमरेभर पाण्यात तिला धरून उभी. आम्ही हात लावला, थोडं पुढं नेलं, आणि शेपटीचा एकच तडाखा देऊन गेली."

"आणि सारजाबाई?"

"भिजलीय, थरथरतेय, शिव्या देतेय समुद्राला. ठीक आहे."

"परत फिरली नाही ना ती? डॉल्फिन?"

"दिसेनाशी होईपर्यंत थांबलो. पण डॉक्टर म्हणतात, तेल आत किती गेलं सांगता येत नाही. उन्हात पण फार वेळ पडली होती. चार दिवस काढले तर जगली. नाहीतर लागेल कुठंतरी किनाऱ्याला. लागली तर फोन येईलच."

लागली तर फोन येईल. नाही आला तर ती जिवंत. निकिता ते ऐकून स्वस्थ झाली नाही, उलट एक नवी काळजी मांडून बसली. कारण फोन आता तिच्याकडं येणार नव्हता. बाकी सगळ्या पाट्यांवर नवा नंबर होता. तिनं शिवशंकरला फोन केला. "त्या बाजूला काही सापडलं तर मला कळवाल ना? काहीही असलं तरी."

"नक्की, नक्की," तो म्हणाला. त्याच्या आवाजावरनं तिला कळलं की तो विसरणार आहे.

आरोहीचे जुलाब दुसऱ्या दिवशी थांबले. तिसऱ्या दिवशी तिनं वाटीकडं हात करून वरणभात खाल्ला. सिताबाई तेलाची वाटी घेऊन बसल्या, टाळूवर धार धरणार तोच थांबल्या, बोट बुडवून हलकेच चोळायला लागल्या. "शिंकायची एखांद्या येळंस," असं म्हणाल्या आणि आपल्याशीच हसल्या. त्यावर निकिताही हसली. मग त्या रानात गेल्या आणि पत्रा तडतडायला लागला.

माशाचा फोन वाजला नाही. निकिता त्याच्याकडं बघायची, टाळूकडं बघायची तशी. मध्येच उचलून रेंज आहे का पाहायची. सारजाबाईला तिनं दोन-तीनदा लावला, तो बंदच होता. कुमारला विचारलं तर म्हणाला, बंधाऱ्याचं ते काम उरकलं, माणसं दुसरीकडं नेली, कुठं ते त्याला ठाऊक नव्हतं. आणि हो, रस्ता मोकळा झाल्यावर हिरवी पाटीही रंगवून झाली. आता निळा आहे तिथला डॉल्फिन. छान दिसतो.

मग एका दुपारी तो वाजला.

आता त्या नंबरवर फोन यायला कारणच उरलं नव्हतं. आला असेल तर कुणीतरी मुद्दाम, शोधून, कळवायलाच केला असेल. तिनं आरोहीला कडेवर घट्ट धरलं आणि बटण दाबलं.

"ताई, म्या सारजाबाई," पलीकडनं आवाज आला. इथं वाऱ्याचा आवाज नव्हता, यंत्राची घरघर होती. "पार्वतम्माच्या हातनं मुबाईल पाण्यात पडला हुता, आता चालू झाला. लेकरू कसं हाय वो?"

"बरं हाय," निकिता म्हणाली. तिनं कडेवरची पकड सैल केली. "खेळायलंय."

"आन ती? आली का फिरून कुठं?"

"न्हाय. काहीच खबर न्हाय."

"मग चांगलंच की," सारजाबाई म्हणाली. "नांदत्या लेकीचा फोन येत नस्तो. माझी बी करत न्हाय."

निकितानं आरोहीला दुसऱ्या कडेवर घेतलं. ती स्वतः रोज दुपारी तेरला आईला फोन करायची. मी बरी आहे, एवढं सांगायला.

"ताई, हाईत न्हवं?"

"हाय."

"आता हितं डोंगर फोडायलेत. दर्या न्हाय, काय न्हाय. पार्वतम्मा बी दुसऱ्या टोळीत गेली. बोलाया कुणी न्हाय बघा. ती पाटी हितं न्हाय, पर नंबर हाय माझ्यापशी." ती जरा अडखळली. "मासा नसला तरी केला तर चालतंय का वो?"

आरोहीनं फोनकडं हात केला आणि त्याच्यावर ओली बोटं आपटली.

"करा," निकिता म्हणाली. "नंबर हाच राहणार हाय."